कानांनी आणि डोळ्यांनी : जपानी फ्यूजनच्या अभ्यासाची प्रस्तावना

गणेशोत्सवात मानपाड्याच्या नाक्यावर बेंजो पार्टी उभी राहिली की ढोल, ताशा, कीबोर्ड आणि ऑक्टापॅडच्या गदारोळावर एक चिरका, तारेचा सूर चढलेला ऐकू येतो. तो बेंजोचा. वाजवणाऱ्याला विचारले तर हे वाद्य अस्सल आपले, कोळीवाड्यातले, कोकणातले, असेच तो सांगेल, आणि आता त्यात खोटेही काही उरलेले नाही. वाद्याचे मूळ गाव मात्र जपानातले नागोया. १९१२ साली तिथे मोरिता गोरो याने टाइपरायटरच्या कळा बघून तारांवर बटणे बसवली आणि 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले. तेच पुढे आपल्याकडे बुलबुलतरंग झाले, त्याला पिकअप बसला, ॲम्प्लिफायर जोडला गेला आणि ते विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे जाऊन उभे राहिले. मानपाडा ठाण्यातला की डोंबिवलीतला, हा प्रश्न रिक्षावाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे विचारतात. इथे तो विचारण्याचे कारण नाही, कारण घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्यात आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मानपाड्यात बेंजो सारखाच वाजतो.

हे सुरुवातीलाच सांगितले, कारण जपानी जॅझ फ्यूजन हा विषय काढला की मराठी वाचक जरा बिचकतो. जॅझ म्हणजे दक्षिण मुंबईतल्या हॉटेलांतले संगीत, त्यात जपानी म्हणजे आणखी लांबचे, आणि फ्यूजन म्हणजे तबला, गिटार आणि सॅक्सोफोन एका मंचावर बसवून केलेला गोंधळ, अशी एक ठाम समजूत आपल्याकडे आहे. तिसऱ्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. पुष्कळ फ्यूजन खरोखरच गोंधळ असते. पण हा विषय परका आहे, हे मात्र मान्य करता येणार नाही.

डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना आदिम, लोक, भक्ती, कला आणि जनसंगीत यांच्याबरोबर 'संगम संगीत' अशी एक वेगळी कोटी धरली. मराठीत या विषयावर विचार करणाऱ्याने पहिले पाऊल इथेच टाकावे. संगमाला वेगळी कोटी मानले की दोन गोष्टी घडतात. एक, ते संगीत भ्रष्ट की शुद्ध हा निरर्थक वाद मागे पडतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन प्रवाह भेटतात म्हणजे नेमके काय घडते, कोण कोणाच्या तालात येते, लिहून ठेवलेले काय आणि ऐन वेळी सुचलेले काय, असे तपासता येण्याजोगे प्रश्न समोर येतात. पुढची पाने या प्रश्नांभोवती फिरतात. त्यांत एक आग्रह सतत दिसेल, तो इथेच उघड करतो : फ्यूजनचा अभ्यास निव्वळ ध्वनिमुद्रणावर होत नाही. त्याच्या जोडीची चित्रफीतही तितकीच मूळ सामग्री आहे. तिला पुरवणी मानणे ही आळशी सवय आहे.

जॅझ मुंबईत येऊन आता नव्वद वर्षे होऊन गेली. १९३५ साली लिऑन ॲबीचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. त्या आणि त्यानंतरच्या बँडांच्या सहवासात गोव्याचे वादक तयार झाले. त्यांतला चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, ट्रंपेट घेऊन सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आला आणि १९५१ च्या 'अलबेला'ने हे संगीत थेट पिटातल्या प्रेक्षकापर्यंत पोचवले. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा माणूस आणि गोव्याचा ट्रंपेटवाला यांनी मिळून केलेला तो संगम आपल्या आजोबांनी शिट्ट्या मारत ऐकला. फ्यूजन हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. पुढे १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने जॅझ यात्रा सुरू झाली, रंगभवनाच्या उघड्या मंचावर सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक वाजवून गेला. त्याआधीच, १९७५ च्या सुमारास, माहीमच्या झाकीर हुसेनने जॉन मॅकलॉफ्लिन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' उभी केली होती.

मुंबईच्या या इतिहासात अभ्यासकाला एक अडचण फार छळते. चित्रपटांच्या तबकड्यांवर वादकांची आणि संयोजकांची नावे क्वचितच छापलेली असत. कोणत्या गाण्यात ट्रंपेट कोणाचा, स्वरलेखन कोणाचे, हे म्हाताऱ्या वादकांच्या आठवणींतून गोळा करावे लागते, आणि दोन म्हातारे एकाच तुकड्यावर हक्क सांगतात तेव्हा निवाडा कोणी करायचा? जपानकडे वळण्याचे माझ्या लेखी सर्वांत व्यवहारी कारण हेच आहे. तिथे तबकडीच्या पाकिटावर प्रत्येकाचे नाव असते, वाद्य असते, बहुतेकदा वाद्याचे मॉडेलही असते. नोटेशनची पुस्तके दुकानात विकत मिळतात. आणि चित्रफिती आहेत.

चित्रफिती इतक्या का, याचे उत्तर संगीतापेक्षा कारखान्यांत जास्त सापडते. व्हीएचएस १९७६ मध्ये जेव्हीसीने आणली. पायोनियरची लेझर डिस्क १९८१ मध्ये जपानी बाजारात आली, आणि पाठोपाठ १९८२ मध्ये सोनीची सीडी. यंत्रे बनवणारा, वाद्ये बनवणारा आणि संगीत विकणारा असे तिघेही एकाच देशात होते. नव्या यंत्रावर दाखवायला स्वच्छ, झगझगीत, तांत्रिक कौशल्याने भरलेला कार्यक्रम हवा असे, आणि फ्यूजनइतका सोयीचा माल दुसरा नव्हता. यामाहाची 'ईस्टवेस्ट' ही हौशी बँडांची स्पर्धा होती. कॅसिओपिया तिच्यातूनच पुढे आला. गिटारवादक इस्सेई नोरो आणि बासवादक तेत्सुओ साकुराई हे त्याचे मूळ गडी. कीबोर्डवर मिनोरू मुकाइया आला, १९८० मध्ये ड्रमवर अकिरा जिम्बो आला आणि चौकडी पुरी झाली. दुसरा मोठा बँड 'द स्क्वेअर'. मासाहिरो आंदोने तो मेजी विद्यापीठात शिकत असताना काढला. अमेरिकेत त्याच नावाचा बँड निघाल्यामुळे पुढे तो टी-स्क्वेअर झाला. त्याच्या १९८७ च्या 'ट्रुथ' या रचनेला फुजी टीव्हीने फॉर्म्युला वन शर्यतींची शीर्षकधून केले आणि जॅझशी काडीचा संबंध नसलेल्या लाखो घरांत ती रविवारी वाजू लागली.

आता एका तबकडीजवळ थोडे थांबू. कॅसिओपियाची 'मिंट जॅम्स' १९८२ मध्ये निघाली. फेब्रुवारीत तोक्योच्या त्सुकिजी भागातल्या सभागृहात प्रेक्षकांसमोर झालेल्या वादनाचे हे ध्वनिमुद्रण. नावही गमतीचे आहे : मिनोरू, इस्सेई, नोरो, तेत्सुओ आणि जिम्बो, अकिरा, मुकाइया, साकुराई अशा चौघांच्या आठ नावा-आडनावांची रोमन आद्याक्षरे जुळवून ते बनवलेले. तबकडीवर सात रचना आहेत. ऐकायला बसलो की पहिली गोष्ट खटकते ती ही, की समोर प्रेक्षक असूनही प्रेक्षक ऐकूच येत नाहीत. टाळ्या जवळजवळ पूर्ण पुसून टाकल्या आहेत. आपल्या कानांना हे चमत्कारिक वाटते. बैठकीच्या कॅसेटवर समेवर आलेली 'क्या बात है' आपण मुद्दाम जपतो, समोर कोण बसले होते हे त्या दादेवरून ओळखतो. इथे उलट हिशेब : वादन इतके निर्दोष हवे की स्टुडिओतले वाटावे, आणि तरीही ते एका दमात झालेले हवे.

'डॉमिनो लाइन'मध्ये मात्र हा पडदा बाजूला होतो. साकुराईचा बास एकटा सुटतो, मग जिम्बोचे ड्रम येतात, आणि अचानक सभागृहातली माणसे ऐकू येऊ लागतात. इतका वेळ आपण भरलेल्या सभागृहात बसलो होतो हे तिथे कळते. साकुराई अंगठ्याने तार ठोकतो आणि बोटाने उपटतो. जपानी वादक या तंत्राला 'चॉपर' म्हणतात. नुसते ऐकताना ही दोन वाद्ये वाटतात, एक ठोक्याचे आणि एक सुराचे. चित्रफितीत तोच बास बघितला की उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यातल्या चार इंचांत हे सगळे चालले आहे हे दिसते. तबल्याच्या विद्यार्थ्याला ते समजावून सांगावे लागत नाही. चाट आणि डग्गा वेगळे ऐकायची त्याला सवय असतेच.

मराठी श्रोत्याची तयारी सर्वांत जास्त कामी येते ती जपानी वादक ज्याला 'किमे' म्हणतात तिथे. सगळ्या वाद्यांनी एकाच क्षणी, एकाच लयखंडावर मिळून आदळायचे, असे हे ठिकाण. आपण चटकन तिहाई म्हणून मोकळे होऊ, पण फरक नीट बघायला हवा. तिहाई समेचा हिशेब करते. कुठूनही उचला, तिसऱ्या वेळी ती समेवर पडली पाहिजे, आणि हा हिशेब वादक ऐन वेळी मांडू शकतो. किमे समेला बांधलेली नसते. ती बहुधा मात्रेच्या आडबाजूला पडते आणि ती कागदावर आधीच लिहिलेली असते. शक्तीच्या चित्रफितींत हाताने ताल धरलेला दिसतो, एकमेकांकडे टाकलेल्या नजरा दिसतात, सम आली की चेहरे फुलतात. कॅसिओपियात गिटार आणि बासवाल्यांची पावलेसुद्धा बरोबर पडतात, पण इशारा क्वचितच दिसतो, कारण विचारायचे काही उरलेलेच नसते. दोन्हीकडे ऐकू येणारा परिणाम सारखाच थरारक असू शकतो. त्यामागचे नाते वेगळे आहे, आणि ते डोळ्यांनीच कळते. यावर कोणी म्हणेल की सगळे लिहून ठेवलेले असेल तर तो जॅझ कसला? प्रश्न रास्त आहे. जपानी फ्यूजनवर अतिसफाईचा आरोप जपानातही झाला, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही तबकड्या ऐकताना मलाही तो पटतो. 'मिंट जॅम्स' ऐकताना पटत नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने जोडीने अभ्यासावी अशी एक सीडी-डीव्हीडी आहे : 'कॅसिओपिया व्हर्सेस द स्क्वेअर'. २००४ साली ती दोन्ही रूपांत बाजारात आली. पाव शतक ज्यांचे चाहते आपापसांत वाद घालत आले ते दोन बँड एकाच मंचावर. कॅसिओपियात तोवर बासवर साकुराईच्या जागी योशिहिरो नारुसे आला होता, आणि जिम्बो मधली काही वर्षे बाहेर राहून परत वाजवू लागला होता. स्क्वेअरकडून आंदो, सॅक्सोफोनवाला ताकेशी इतो, कीबोर्डवर हिरोताका इझुमी, बासवर मित्सुरू सुतो आणि ड्रमवर हिरोयुकी नोरीताके. म्हणजे दोन गिटार, दोन बास, दोन कीबोर्ड, दोन ड्रमसंच आणि मध्ये एकटा सॅक्सोफोन.

कोकणातून ठाण्या-डोंबिवलीत आलेल्या घरांत हा प्रकार ओळखीचा वाटेल, कारण ही डबलबारी आहे. दोन बुवा, दोन्हीकडे पखवाज आणि झांजा, एकाने अभंगातून कोडे टाकायचे आणि दुसऱ्याने गजरात ते परतवायचे. डबलबारीत पाळी ठरलेली असते. एक बुवा गातो तेव्हा दुसरा पाणी पितो आणि उत्तर जुळवतो. या जपानी डबलबारीत मात्र दोन्ही बाऱ्या एकाच वेळी एकच रचना वाजवतात, आणि सामना असा की कोणी कोणाला आडवे जायचे नाही. दोन ड्रमवाल्यांनी एकच रचना वाजवायची म्हणजे एकाचा सोळावा हिस्सा दुसऱ्यापेक्षा केसभर जरी मागे पडला तरी सगळा आवाज चिखल होतो. सीडीवर ऐकताना हे दोघे आहेत की चार हातांचा एक, हे पुष्कळदा सांगता येत नाही. डीव्हीडी लावली की दोन वेगळी शरीरे, बसण्याच्या दोन वेगळ्या ढबी दिसतात, आणि हे दोघे एकसारखे वाजवत नाहीत, मिळून वाजवत आहेत, हे लक्षात येते. याच जोडीने पुढे 'सिंक्रोनाइझ्ड डीएनए' हे नाव घेऊन कॅसिओपियाच्या २००५ च्या 'सिग्नल'मध्ये वाजवले.

असा प्रयोग कॅसिओपियाने आधीही केला होता. १९८२ च्या 'फोर बाय फोर'मध्ये या चौघांसमोर चार अमेरिकन होते : ली रिटनूर, डॉन ग्रुसिन, नॅथन ईस्ट, हार्वी मेसन. वाद्यास वाद्य. तबकडी सुंदर आहे, पण दोन गिटारांपैकी नोरोची कोणती आणि रिटनूरची कोणती, यावर कान ताणून बसावे लागते. वर्गात हा खेळ मजेचा होतो. पण कोणी कोणाला जागा दिली यावर लिहायला बसलो की तीच मजा नडते.

डोळ्यांवाचून अडते अशी आणखी दोन उदाहरणे देतो, म्हणजे माझा आग्रह हट्ट वाटणार नाही. 'ट्रुथ'ची मुख्य धून ऐकून नवा श्रोता हमखास म्हणतो, हा कीबोर्ड. बघितल्यावर दिसते की इतो एक सनईच्या वंशातली वाटावी अशी काळी नळी तोंडाला लावून फुंकतो आहे. लिरिकॉन आणि नंतरचा ईडब्ल्यूआय हे फुंकून वाजवायचे सिंथेसायझर आहेत. आवाज यंत्राचा, पण श्वास माणसाचा. त्या धुनीतला प्रत्येक सूर जिथे संपतो तिथे का संपतो, हे फुप्फुसांकडे बघितल्याशिवाय कळत नाही. दुसरे उदाहरण जिम्बोचे. ड्रमला आणि पॅडला ट्रिगर जोडून तो एकटा अख्ख्या रचना वाजवतो. काठी पडली की तिथून सूर निघतो, साज निघतो, बास निघतो. त्याचे हे वादन डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटेल पाच जणांचा बँड आहे, त्यातला ड्रमवाला जरा बरा आहे. डोळे उघडले की मंचावर एकच माणूस.

आपल्या बाजूला अशा जोड्या कमी आहेत, पण आहेत. झाकीर हुसेन आणि मॅकलॉफ्लिन यांच्या 'रिमेंबर शक्ती'ने डिसेंबर २००० मध्ये मुंबईत वाजवले आणि २००१ मध्ये त्याची 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' निघाली. त्यात यू. श्रीनिवास यांचे मेंडोलिन आणि सेल्वागणेश यांच्या खंजिरीबरोबर शिवकुमार शर्मांचे संतूर, देबाशिष भट्टाचार्य यांची गिटार, चेंबूरच्या शंकर महादेवन यांचा आवाज, तौफिक कुरेशी, भवानी शंकर आणि शिवमणी यांची तालवाद्ये आहेत. या गटाची 'द वे ऑफ ब्यूटी' ही डीव्हीडी २००६ मध्ये आली. दोन्ही शेजारी ठेवून अभ्यास व्हायला हवा. मराठी अभ्यासकाने तर त्रिलोक गुर्टूकडे आधी जावे. बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टूंचा हा मुलगा. १९८८ मध्ये त्याने 'उसफ्रेट' केले तेव्हा आईलाच गायला बोलावले. ठुमरीचा तो भरदार आवाज, भोवती डॉन चेरीचा ट्रंपेट आणि राल्फ टाउनरची वाद्ये. लेकाचा ताल आई कुठे धरते आणि कुठे सोडून देते, हे ऐकत राहावे. माझ्या मते भारतीय फ्यूजनमध्ये यापेक्षा प्रामाणिक तबकडी नाही, आणि ती आपल्याकडे फारच कमी जणांनी ऐकली आहे. शोभाताईंच्या चाहत्यांनी ती जॅझ म्हणून सोडली आणि जॅझवाल्यांनी ठुमरी म्हणून.

मुकाइयाबद्दल थोडे सांगायचे राहिले, आणि ते मध्य रेल्वेच्या प्रवाशाला सांगितलेच पाहिजे. कॅसिओपियाचा हा कीबोर्डवाला रेल्वेचा विलक्षण नादी. त्याने रेल्वे चालवण्याचे सिम्युलेटर बनवले, आणि जपानी फलाटांवर गाडी सुटताना वाजणाऱ्या शेकडोच्या घरातल्या छोट्या धुना रचल्या. तोक्यो मेट्रोच्या तोझाई मार्गासाठी त्याने केलेल्या धुना तर अशा, की एकेका स्थानकावर त्या काही सेकंद वाजतात, पण ओळीने जोडल्या की सलग रचना होते. रोज तोच प्रवास करणारा माणूस नकळत एक अख्खे गाणे तुकड्या-तुकड्यांनी ऐकत असतो. मेट्रोच्या आराखड्यावर आता दोन्ही मानपाड्यांची स्थानके आहेत, एक वडाळा-कासारवडवली मार्गावर आणि दुसरे कल्याण-तळोजा मार्गावर. तिथे काय वाजणार ते माहीत नाही. डोंबिवलीच्या फलाटावरच्या उद्घोषणेवरून अंदाज बांधायचा तर फार अपेक्षा न ठेवलेली बरी.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगतो. 'मिंट जॅम्स' आधी ऐकावी, बघू नये. तीही एकदम सगळी नको. 'असायाके' आणि 'डॉमिनो लाइन' या दोनच रचना, आणि ऐकताना हाताने मात्रा धरावी. किमे जिथे चुकवेल तिथे कागदावर खूण करावी. मग 'कॅसिओपिया व्हर्सेस द स्क्वेअर'ची सीडी लावावी आणि कोण डावीकडे, कोण उजवीकडे, किती जण, याचा अंदाज लिहून ठेवावा. डीव्हीडी त्यानंतर. 'उसफ्रेट'साठी वेगळी संध्याकाळ राखावी, तिच्या जोडीला काही लावू नये. नोटेशन वाचता येत नसेल तर अडत नाही, पण तबला किंवा पखवाज शिकणारे कोणी घरात असेल तर त्याला शेजारी बसवावे, कारण मात्रा मोजायला तोच आपल्यापेक्षा पुढे असेल. ठाण्यात घाणेकर नाट्यगृहाच्या किंवा डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिराच्या बाहेर कार्यक्रम संपल्यावर चहा पीत उभे असलेले वादक अशा प्रश्नांना आनंदाने उत्तरे देतात. त्यांना किमेबद्दल जरूर विचारावे, तिहाईहून ती वेगळी कशी हे ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखवतील.